वीतभर प्ले

वारज्यात ट्रॅक्टर कशाला लागतो, असा प्रश्न फ्लॅटमध्ये राहायला आलेल्यांना पडतो. जुन्या गाववाल्यांना पडत नाही, कारण त्यांच्या आळीत एक तरी अण्णा असतोच. 1997 साली वारजे महापालिकेत गेलं, शेतांत इमारती उगवल्या. अण्णांनी मात्र मुठेकाठचे पंधरा गुंठे धरून ठेवले आणि त्यांच्यासाठी पंधरा हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर. गुंठ्यामागे एक घोडा!

तसे हे छोटे ट्रॅक्टर बागायतदारांचे. द्राक्षाच्या ओळींत मित्सुबिशी शक्ती कधीपासून फिरतोय, 2011 मध्ये महिंद्राचा युवराज 215 आला. अण्णांचा कुठला, ते कळायला मार्ग नाही. बॉनेटवरचं नाव तीनदा मारलेल्या रंगाखाली गाडलं गेलंय.

अशा ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगला साधारण दोन ते पाच सेंटिमीटर प्ले चालतो. अण्णांच्या स्टेअरिंगला वीतभर आहे. म्हणजे स्टेअरिंग फिरवायचं, एक वाक्य बोलायचं, मग ट्रॅक्टर वळतो.

"अख्खा सेट बदला," असं कुणी म्हटलं की अण्णा उसळतात. "सेट? मी काय पोरीचं लग्न काढलंय?"

मग ते पुढचा एक्सल जॅकवर घेतात. चाक वर-खाली धरून हलवायचं; खटखटलं तर किंगपिनचं बुश, नाहीतर बेअरिंग. डावी-उजवीकडून धरून हलवायचं. वाजलं तर टायरॉड एंड. हे न बघता थेट स्टेअरिंग बॉक्स खोलायला निघालेला मिस्त्री अण्णांच्या लेखी दरोडेखोर. आणि इथे अण्णांचं शंभर टक्के बरोबर आहे. बुश मुद्दामच पिनपेक्षा मऊ धातूचं असतं, झिजायचं काम त्याचं. पिन शाबूत असेल तर नवं बुश ठोकायचं, रीमर मारून मापाला आणायचं, ग्रीस भरायचं, की भागलं. गनमेटलचं बुश कातून घ्यायला अण्णा शिवण्याला लेथवाल्याकडे जातात, उलट्या डब्यावर बसतात आणि बुशाच्या मजुरीपेक्षा जास्त पैशांचा चहा सगळ्यांना पाजतात. तो खर्च दुरुस्तीत धरायचा नसतो.

घोडं अडतं ते टायरॉडपाशी. टायरॉडने दोन्ही चाकं जोडलेली असूनही वळताना आतलं जास्त आणि बाहेरचं कमी वळावं, ही युक्ती म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या गाड्या बनवणाऱ्याची. लंडनच्या अ‍ॅकरमनने तिचं पेटंट घेतलं 1818 साली, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षी. अण्णांच्या टायरॉड एंडवरचं रबरही त्याच सुमाराचं असावं. ते फाटल्यावर अण्णांनी वर दुधाची पिशवी गुंडाळून सुतळीने आवळली. पिशवीत माती शिरली, मातीने आतला गोळा खाल्ला.

"वेल्डिंगचा एक टिपका मार की," अण्णा मिस्त्रीला सुचवतात.

"अण्णा, याला वेल्डिंग नसतं. रस्त्यात निसटला तर चाकं दोन दिशांना जातील. तुम्ही कुठल्या चाकाबरोबर जाणार?"

अण्णा गप्प. असे ते फार क्वचित होतात.

मिस्त्री नट सैल करतो, एका बाजूला जड हातोडा टेकवतो आणि दुसऱ्या हातोड्याने समोरून ठोकतो. तिसऱ्या घावाला वर्षानुवर्षांची पकड टणकन सुटते. नवा एंड बसतो, नटाच्या खाचेतून नवी स्प्लिट पिन जाते (जुनी सरळ करून वापरायचा अण्णांचा प्रस्ताव फेटाळला जातो). मग सुतळी आणि खडू घेऊन टो-इन: चाकांमधलं अंतर मागच्यापेक्षा पुढे काही मिलिमीटर कमी. अण्णा गुडघ्यावर बसून तीनदा मोजतात आणि तिन्ही वेळा वेगळं माप सांगतात.

संध्याकाळी ट्रॅक्टर निघतो. पहिल्याच वळणाला अण्णा नेहमीप्रमाणे वीतभर आधी स्टेअरिंग फिरवतात. ट्रॅक्टर या वेळी वाट बघत नाही. समोरच्या सोसायटीच्या फाटकाजवळची शेवंतीची कुंडी आडवी होते, वॉचमन शिट्टी फुंकत धावतो.

अण्णा खाली उतरत नाहीत. तिथूनच मिस्त्रीला फोन लावतात.

"काय रे, स्टेअरिंग बिघडवून ठेवलंस की!"