लामोतकर

माणसाला गावावरून आडनाव लावायची आपली जुनी रीत. तीच धरून पॅरिसच्या दक्षिणेकडच्या उपनगरातल्या आम्हा मराठी मंडळींनी काकांना लामोतकर करून टाकलं. मूळचे ते शनिवार पेठेतले. कागदोपत्री त्यांचं आडनाव वेगळंच आहे, पण ते आता फक्त पोस्टमनला ठाऊक.

लामोत-बव्रों हे गाव पॅरिसच्या दक्षिणेला साधारण १६० किलोमीटरवर, सोलोन्य नावाच्या जंगल-तळ्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या मुलखात. तिथे रेल्वे स्टेशनसमोर स्तेफानी आणि कारोलीन तातँ या दोन बहिणींचं हॉटेल होतं, आणि त्या हॉटेलच्या नावाने जगभर गेलेला पदार्थ म्हणजे तार्त तातँ. सफरचंदाच्या फोडी लोणी-साखरेत तांबूस होईपर्यंत शिजवायच्या, वर मैद्याच्या पोळीचं झाकण घालायचं, भांडं भट्टीत सरकवायचं आणि बाहेर काढलं की ताटात उलटं करायचं. एवढंच. हा ‘एवढंच’ काकांसमोर मात्र काढू नका. मी दहा वर्षांपूर्वी नवी नवरी म्हणून इथे आले तेव्हा पहिल्याच रविवारी काढला होता. अजून ते सगळ्यांना सांगतात.

दुसरी चूक उच्चाराची. मी ‘टार्ट टाटिन’ म्हणाले. “टाटांचा काही संबंध नाही यात,” काका म्हणाले. “तातँ. शेवट नाकातून. तुझं सासर रत्नागिरीकडचं ना? मग त्यांच्याकडून शीक.”

परदेशातल्या प्रत्येक मराठी मंडळात असा एक लामोतकर असतो. कुठे तो चीजमध्ये शिरलेला असतो, कुठे वाइनमध्ये. इटलीत असला तर पास्ता सुरीने कापणाऱ्या पाहुण्याला तो जेवणावरून उठवायचं तेवढं बाकी ठेवतो. खूण एकच. त्याचं ‘आमच्याकडे’ कधी सरकलं ते त्याला कळलेलं नसतं. काका आल्या-आल्या म्हणे ‘आमच्याकडे पुरणात जायफळ घालतात’ असं सांगत. आता म्हणतात, “खारं लोणी ब्रिटनीवाल्यांनी घालावं. आमच्याकडे नाही चालत.” आमच्याकडे म्हणजे सोलोन्यला.

तार्तचं आमंत्रण गुरुवारी येतं. ‘रविवारी, चार वाजता, भुकेल्या पोटी.’ आम्ही चारला पोहोचतो आणि खायला सहाला मिळतं. मधले दोन तास व्याख्यान.

सुरुवात सफरचंदांपासून. काकांना रेनेत लागतात. शनिवारच्या बाजारात ते फळवालीच्या पेटीतलं एकेक सफरचंद अंगठ्याने असं चाचपतात, की आता ती त्यांना लांबून पाहूनच पेटी पुढे करते. कारण खरं आहे. तासभर साखरेत आणि भट्टीत राहूनही फोड उभी राहिली पाहिजे. मऊ जातीचं सफरचंद घेतलं तर तार्तच्या जागी मुरंबा उलटा होतो. आठ सफरचंदं, चार-चार फोडी, आणि त्या आडव्या पसरायच्या नाहीत, पाठीला पाठ लावून दाटीवाटीने उभ्या करायच्या, सकाळच्या कर्जत लोकलमधल्यासारख्या. शिजताना त्या आकसतात. जागा सोडली असेल तर उलटल्यावर मध्ये टक्कल दिसतं. काका हे टक्कलाला हात लावून सांगतात, म्हणून आम्हाला हसता येत नाही.

भांडं तांब्याचं. हे त्यांनी एका खेड्यातल्या जुन्या बाजारात घेतलं. आतली कल्हई पार उडालेली होती. मग कल्हई करणाऱ्याचा शोध सुरू झाला. फ्रान्समध्ये कल्हईवाले अजून आहेत, फक्त ते दारावर ओरडत येत नाहीत. भांड्यापेक्षा कल्हईला जास्त पैसे पडले. पण त्या दिवसापासून काकांना नवं प्रकरण मिळालं. कल्हई २३२ अंशांना वितळते. साखरेचा तांबूस पाक १७० ते १८० च्या घरात होतो. म्हणजे रिकामं भांडं आचेवर विसरलं की कल्हई गेली. हे ऐकताना काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असतात. त्यांच्या माहेरी पितळी पातेल्यांना वर्षातून एकदा कल्हई व्हायची आणि त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता.

पाक होत असताना गप्प बसायचं असतं. काका थर्मामीटर धरून उभे राहतात. काकू बाहेरच्या खोलीत टीव्ही पाहत असतात. आधी साखर पिवळसर, मग काकवीच्या रंगाची, मग एकदम घाई केल्यासारखी गडद.

“अहो, करपलं बघा!” बाहेरून आवाज येतो. काकूंचं नाक थर्मामीटरच्या आधी बोलतं.

“करपलं नाही, कॅरामेल झालंय!”

इथून इतिहास सुरू होतो. शिकारीचा हंगाम, हॉटेलात झुंबड, स्तेफानीबाईंची धांदल, लोणी-साखरेतली सफरचंदं आचेवर जास्त वेळ राहिली, बाईंनी वर पोळी लोटून भट्टीत ढकललं आणि गिऱ्हाईक खूश. काका हे अंगात आल्यासारखं सांगतात. आणि सांगून झालं की स्वतःच म्हणतात, “हे अर्थात खरं नाही.” मग खोडणं सुरू. फळं खाली घालून उलटे केलेले पदार्थ फ्रान्सला आधीपासून ठाऊक होते, कारेमसारख्या बड्या आचाऱ्याच्या पुस्तकात तशी उलटी केक-मंडळी आहेत. सोलोन्यात तर असली तार्त घरोघरी व्हायची. बहिणींनी शोधली नाही, गाजवली. क्युर्नोन्स्की नावाच्या खाद्यलेखकाने १९२६ च्या सुमारास तिचं कौतुक पॅरिसला पोहोचवलं, पुढे ती मॅक्सिम्सच्या मेन्यूत गेली. मॅक्सिम्सचे मालक वोदाब्ल सांगायचे म्हणे, की आपण तरुणपणी माळी बनून त्या हॉटेलात शिरलो आणि कृती चोरली. हे गृहस्थ जन्मले १९०२ मध्ये. बहिणींनी हॉटेलातून अंग काढून घेतलं १९०६ मध्ये.

“चार वर्षांचा माळी!” काका दर वेळी टाळी मागतात. आम्ही देतो. सहा वाजत आलेले असतात.

काकूंचा मुद्दा वेगळा आहे. “त्या दोघींचं करपलं तर इतिहास. माझी भाजी करपली तर नुसतं तोंड वाकडं.” यावर काकांकडे आजवर उत्तर नाही.

पोळीच्या बाबतीत ते फार कडक. पफ पेस्ट्री घरात आणायची नाही. “पफ पॅटिसला. तार्तला साधी, खुसखुशीत, लोण्यात चोळलेली.” काठ भांड्याच्या कडेने आत खोचायचे, मध्ये वाफेला एक भोक. त्यावर काही लावायचं नाही, साखर नाही, दूध नाही. खायच्या वेळीही सोबत काही नाही. माझ्या नवऱ्याने एकदा व्हॅनिला आइस्क्रीम मागितलं. काकांनी फ्रीज उघडला, आत बघितलं, बंद केला आणि परत येऊन बसले. तो पुढचे तीन रविवार आला नाही.

आता उलटणं. भट्टीतून काढून दहा मिनिटं थांबायचं. लगेच उलटलं तर पाक हातावर ओघळतो, फार थांबलं तर तो भांड्याला धरून बसतो आणि मग तळाला पुन्हा मिनिटभर आच दाखवावी लागते. काका घड्याळ काढून ठेवतात. बाह्या वर. भांड्यापेक्षा मोठं ताट झाकण घालतात तसं ठेवतात, फडक्याने दोन्ही घट्ट धरतात, “अँ, दो...” म्हणतात आणि ‘त्र्वा’ म्हणायच्या आतच उलटतात. थालीपीठ उलटताना कुणी श्वास रोखत नाही. इथे नऊ माणसं रोखून असतात. मग भांड्याच्या बुडावर दोन थापा आणि ‘थप्’ असा ओला आवाज.

भांडं उचललं की ती दिसते. काठाला जवळजवळ काळी, मध्ये मधाच्या रंगाची, चकाकणारी. आणि दर वेळी एक-दोन फोडी वरच भांड्याला चिकटलेल्या असतात. त्या काका चटके सोसत बोटांनी काढून खड्ड्यांत बसवतात. त्या वेळी आम्ही खिडकीबाहेर बघायचं, असा अलिखित करार आहे.

चव? उत्तम असते. आंबट, कडसर, लोणकट. इतक्या व्याख्यानानंतरही उत्तम लागते, यावरून काय ते समजा.

एकदा रविवारी संकष्टी आली. आमच्यातल्या एक वहिनी संकोचाने म्हणाल्या, “काका, मला मैदा चालायचा नाही. वरची नुसती सफरचंदं द्याल?” सफरचंद, लोणी, साखर, तिन्ही उपासाला चालणारी. शिवाय तार्त उलटी, त्यामुळे उपासाचं वर आणि बिनउपासाचं खाली. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण त्यांनी चमच्याने फोडी उचलून दिल्या. खाली उरलेली उघडी पोळी मात्र त्यांनी एकट्याने खाल्ली, कुणाला दाखवली नाही.

शेजारच्या मादाम सोलोन्यातल्याच, लामोतपासून दोन-तीन गावं पलीकडच्या. हे कळल्यावर काका त्यांच्याकडे गंगोत्रीला गेल्यासारखे गेले. मादामनी सुपरमार्केटातली तयार पफची गुंडाळी उलगडली, फ्रीजमधून क्रेम फ्रेशचा डबा काढला आणि म्हणाल्या, “सफरचंदं नसली की मी पेअरची करते. रविवारी एवढा घाट कोण घालतं?” काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “तिकडे मूळ गावातच आता काही राहिलं नाही.”

याच काकांकडे गणपती असतो. तांदळाची पिठी ला शापेलच्या तमिळ दुकानातली, जी मिळेल ती. नारळ फ्रोजन, खवलेला. उकड फाटली की, “पिठाचं बोट लाव, चालतं.” मोदकाला कळ्या आल्या तर आल्या, नाहीतर मुटका करून ठेवायचा. “देव काय मोजायला बसलाय?” सगळ्या शनिवार पेठेची शपथ घालूनही त्यांच्याकडून याहून कडक शब्द निघणार नाही.

हे सारं मादाम तीन वर्षं पाहत होत्या. एका वर्षी त्यांनी वही आणली, काकूंना पिठाचं नि पाण्याचं माप विचारलं, कळ्या किती ते विचारलं. काकू सहज म्हणून गेल्या, माझी आई एकवीस पाडायची. मादामनी एकवीस लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

गेल्या गणपतीला मादाम स्वतःचे मोदक घेऊन आल्या. अख्खा नारळ त्यांनी बाल्कनीत हातोडीने फोडला होता, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. ताट ठेवून त्यांनी चष्मा लावला, काकांच्या ताटातला एक मोदक उचलला आणि मोठ्याने कळ्या मोजायला लागल्या. नऊ निघाल्या.