कोपरगावचं चारचाकी लफडं

असल्या गोष्टी चारचौघांत बोलू नयेत म्हणतात, म्हणून आम्ही त्या भिशीत बोलतो. तर ऐका. कोपरगावात भल्या घरांतली, नातवंडं झालेली, साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत पुढच्या रांगेत बसणारी माणसं म्हातारपणी प्रेमात पडली आहेत. लपूनछपून नव्हे, भर अंगणात! आणि कुणाच्या, तर धूर ओकणाऱ्या, दार ओढून लावावं लागणाऱ्या जुन्या गाड्यांच्या. घरच्या बायकांना सगळं ठाऊक आहे आणि त्या गप्प आहेत. काय म्हणावं या थेरांना!

येवला नाक्यापासून पुणतांबा फाट्यापर्यंत कुठल्याही वस्तीवर वळा. हप्ते चालू असलेली नवी गाडी उन्हात तापत पडलेली दिसेल. आणि पत्र्याच्या शेडमध्ये, सावलीला, अंगावर नऊवारी पांघरून उभी असेल पद्मिनी. एका घरची नऊवारी तर खुद्द सासूबाईंची. त्या गेल्यावर लुगडी कुणाकुणाला द्यायची याची चर्चा चालली होती, तर मामंजी कोपऱ्यातून म्हणाले, "एखादं मऊसं राहू द्या, गाडीला होईल." आता बोला!

आंघोळीचं तर विचारूच नका. उन्हाळ्यात नळाला किती दिवसांनी पाणी येतं यावर ज्या गावात निवडणुका तापतात, तिथे एरवी तांब्याभर पाण्यावरून कटकट करणारा माणूस रविवारी सकाळी दोन बादल्या भरून बाहेर पडतो. पाइप लावायचा नाही, त्यानं रंग जातो म्हणे. जुना बनियन भिजवून आधी टप, मग काचा, मग बॉनेट. चाकांचं फडकं वेगळं, ते बॉनेटला लागलं तर दिवसभर अबोला. याच गृहस्थांनी जन्मात कधी स्वतःचं ताट उचललेलं नाही.

आणि थंडीत हिला उठवण्याचा सोहळा! चोक ओढायचा, ॲक्सिलरेटर दोनदाच दाबायचा, तिसऱ्यांदा दाबला तर पेट्रोल चढतं आणि बाईसाहेब अर्धा तास रुसतात. किल्ली फिरवताना कुणी बोलायचं नाही. नातवानं एकदा विचारलं, "आबा, चालू होईल का?" तर आबांनी डोळे वटारले, "तिच्यासमोर असं बोलू नये." मग ती खोकते, थरथरते, शेडभर पेट्रोलचा वास पसरतो आणि आबांच्या चेहऱ्यावर हसू फुटतं. आमच्या वरमाला पडताना हे हसू कुठे होतं, असा वहिनींचा सवाल आहे. सवाल रास्त आहे.

बरं, या प्रकरणाला घराण्याचा आधारही काढतात. वालचंद हिराचंदांनी १९३३ साली शेजारच्या जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला साखर कारखाना काढला आणि १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट तयार होऊ लागली आणि पुढे १९७४च्या सुमारास तिचं पद्मिनी असं बारसं झालं. "म्हणजे साखर आणि गाडी एकाच घरची. आपण उसवाले, आपली सोयरीकच की!" हा युक्तिवाद मी तीन वेगवेगळ्या ओट्यांवर ऐकला आहे. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली, त्या दिवशी यांतल्या एका घरात दुपारचा चहा झाला नाही. सुतक पाळल्यासारखे टीव्हीसमोर बसले होते!

जीपवाल्यांची तऱ्हा न्यारी. उसाच्या पहिल्या घसघशीत पेमेंटवर वडिलांनी घेतलेली जीप. वडील गेले, भावाभावांची वाटणी निघाली. विहिरीची पाळी ठरली, बांध ठरले, आईनं कुणाकडे किती महिने राहायचं तेही ठरलं. अडलं कशावर? दहा वर्षं जागची न हललेल्या जीपवर! पंच दमले. शेवटी तोड निघाली की तिनं वर्षाआड एकेकाच्या दारात राहावं. तेव्हापासून दर पाडव्याला ट्रॅक्टरला दोर लावून तिची पाठवणी होते. निघताना कपाळाला हळदीकुंकू, पोचल्यावर चाकांवर पाणी. आईच्या नेण्या-आणण्याला मात्र एसटी.

सुमो आणि ट्रॅक्सवाल्यांचं प्रेम भक्तिमार्गी. शिर्डीला स्वतःचं रेल्वे स्टेशन मिळालं ते २००९ मध्ये. तोवर देशभरातले भक्त आपल्या कोपरगाव स्टेशनला उतरायचे आणि या गाड्यांत दाटीवाटीनं बसून पुढे जायचे. "हिनं किती लोकांना बाबांपर्यंत पोचवलं, हिला भंगारात घालू?" असं एकानं मला विचारलं, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. गाडीला पुढचा बंपर नाही, मागच्या काचेच्या जागी पुठ्ठा आहे, पण डॅशबोर्डवरच्या बाबांना रोज ताजा हार. टाटांनी २०१९ मध्ये सुमो बनवणं बंद केलं, हे त्याला सांगायची कुणाची छाती नाही.

सरकारलाही हे लफडं कळलेलं दिसतं. पंधरा वर्षं झालेल्या खासगी कारचं पुन्हा पासिंग करायला सहाशे रुपये लागायचे. एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले. वाटलं, आता तरी शुद्धीवर येतील. छे! घडणावळीच्या दोनशे रुपयांसाठी सोनाराच्या दुकानात बायकोला मान खाली घालायला लावणारा माणूस निमूटपणे श्रीरामपूरच्या आरटीओत पाच हजार भरून आला. येताना गाडीला नवे वायपर. त्यानंतर आली एचएसआरपी नंबर प्लेटची सक्ती, आणि ४१४१ वळवून 'दादा' लिहिलेल्या पाट्या उतरल्या. एकानं ती पाटी देवघराशेजारी लावली आहे. खोटं वाटत असेल तर हळदीकुंकवाला चला, दाखवते.

विकायची वेळ आलीच, तर तो प्रसंग पाहण्यासारखा. गिऱ्हाईक राहात्याहून येतं, टायरला लाथ मारतं, आणि तिथेच पहिली ठिणगी पडते.

"लाथ कशाला मारता?"

"हवा बघत होतो, काका."

"हात आहे ना तुम्हाला?"

मग चौकशी सुरू. ठेवणार कुठे, शेड आहे का, चालवणार कोण, पोरगं तर नाही ना चालवणार, उसाची मोळी तर नाही ना टाकणार टपावर? नगर-मनमाड रस्त्यानं नेणार म्हटल्यावर तर काका उठूनच उभे राहिले. "त्या खड्ड्यांतून? हिचे पाटे राहतील का?" पोरीच्या स्थळाला इतके प्रश्न विचारले नव्हते हो यांनी! तिथे पत्रिका पाहिली आणि होकार कळवला. गिऱ्हाईक चहा पिऊन परत गेलं. गाडी शेडमध्येच.

हे सगळं बोलताना भिशीतल्या एक ताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांचं बिंग मी फोडते. त्यांच्या दारात पांढरी मारुती ८०० आहे. कंपनीनं तिचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबवलं, ताईंनी नाही. नवऱ्यानं शिकवायला नकार दिला म्हणून त्या दुपारी रिकाम्या बाजारतळावर एकट्या शिकल्या, पहिल्यांदा गाडी काढून एकट्याच माहेरी, वैजापूरला जाऊन आल्या. नवऱ्यानं ती परस्पर विकायला काढली, तेव्हा ताईंनी आरसी बुक बाजरीच्या कोठीत पुरलं. ते अजून तिथेच आहे. म्हणजे हे खूळ फक्त पुरुषांचं, असंही म्हणायची सोय राहिलेली नाही.

आणि आता तर गुजरातेतून कहरच आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमरेली जिल्ह्यात एका शेतकऱ्यानं आपल्या बारा वर्षांच्या वॅगन आरला समाधी दिली. विकली नाही, भंगारात दिली नाही. शेतात खड्डा खणून, फुलांनी सजवून, भटजी बोलावून, मंत्र म्हणून पुरली. सुमारे पंधराशे माणसं जेवली, चार लाख खर्च आला. गाडी आल्यापासून भरभराट झाली म्हणे, म्हणून ही कृतज्ञता. व्हिडिओ भिशीत फिरला. आम्ही हसून हसून बेजार. कुणी म्हणालं, दशक्रिया केली असेल का? कुणी म्हणालं, कावळा शिवला का?

मारुतीवाल्या ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला, खड्ड्यापाशी थांबवला, चष्मा पुसून जवळून पाहिला आणि म्हणाल्या, "टाकीतलं पेट्रोल काढून पुरली का ग तशीच?"

कुणाला ठाऊक नव्हतं.

"आणि आपल्याकडे जेसीबीवाला तासाला काय घेतो हल्ली?"