मुदत 72 तास

विम्याची भाषा दुर्बोध असते, अशी जी तक्रार सर्वत्र ऐकू येते ती निदान धाराशिव जिल्ह्याने तरी करू नये. कारण त्या भाषेतील एकेका शब्दाचा अर्थ येथील शेतकऱ्यांना औरंगाबादच्या खंडपीठापासून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत इतका सांगोपांग समजावून देण्यात आला आहे की, तसे भाग्य अन्य जिल्ह्यांच्या वाट्यास क्वचितच आले असेल.

2020 सालच्या ऑक्टोबरच्या मध्यास अतिवृष्टी झाली, तेव्हा सोयाबीनची काढणी ऐन भरात होती. काही पीक उभे होते, काही कापून आडवे पडले होते, काहीची बनीम, म्हणजे गंजी, लागली होती. आणि दोन-चार दिवसांत तिन्ही ठिकाणच्या शेंगांना कोंब फुटून निसर्गाने त्यांच्यातला भेद मिटवून टाकला. पीक विमा योजनेने मात्र तो मिटू दिला नाही. उभ्या पिकात पाणी साचले तर ती 'स्थानिक नैसर्गिक आपत्ती'. सुकविण्यासाठी शेतात पसरलेले किंवा लहान पेंढ्या बांधून ठेवलेले पीक काढणीपासून 14 दिवसांच्या आत अवकाळी पावसाने भिजले तर ते 'काढणीपश्चात नुकसान'. आणि आभाळाचा रंग पाहून ज्या शहाण्याने रातोरात बनीम रचली, त्याचे शहाणपण कोणत्या सदरात पडते, हे त्यानेच शोधून काढावे.

परंतु खरे मर्म मुदतीत होते. नुकसान घडल्यापासून 72 तासांच्या आत ते कळवावयाचे असे, आणि सर्वस्व वाहून गेल्यानंतर द्यावयाच्या या खबरीस सरकारी मराठीत 'पूर्वसूचना' असे नाव होते. ती ज्याने द्यावयाची तो इसम त्या वेळी गुडघाभर चिखलात उभा असे; वीज गेलेली, मोबाइलची बॅटरी उतरणीला लागलेली, रेंज बांधावर येई आणि धुऱ्यावर जाई; आणि अशा अवस्थेत त्याने ॲप उघडून, विम्याच्या पावतीचा क्रमांक व गट नंबर भरून, बुडालेल्या पिकाचे छायाचित्र पाठवावे, अशी अपेक्षा असे.

त्याच आठवड्या-दीड आठवड्यात मुख्यमंत्री उद्धव ठाकरे तुळजापूर तालुक्यात येऊन गेले, शरद पवार आले, विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस आले. तलाठी आणि मंडळ अधिकारी पंचनामे करू लागले, शासनाने 10,000 कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले, आणि वृत्तपत्रांतून कुजलेल्या सोयाबीनची चित्रे घरोघर पोहोचली. अशा रीतीने अवघ्या महाराष्ट्रास जे ठाऊक झाले, ते एका विमा कंपनीस मात्र कायद्याच्या दृष्टीने कळलेच नव्हते. कारण मुदतीत सूचना न देणाऱ्यांचा दावा ग्राह्य धरता येत नाही, अशी बजाज अलायन्झची हरकत होती.

येथे 'उंबरठा उत्पन्न' या संज्ञेचाही परामर्श घेतला पाहिजे, कारण ज्यांना सूचनेच्या दारातून आत जाता येत नाही त्यांना हा उंबरठा दाखविला जातो. मागील 7 वर्षांपैकी चांगल्या 5 वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढून तिला जोखीम स्तराने, म्हणजे आपल्या राज्यात सामान्यतः 70 टक्क्यांनी, गुणावयाचे. महसूल मंडळातील पीक कापणी प्रयोगांचे सरासरी उत्पन्न त्याखाली उतरले तरच भरपाई. आता ज्या जिल्ह्यात चांगली म्हणावी अशी 5 वर्षे 7 वर्षांत सापडणेच दुष्कर, तेथे सरासरी मुळातच खाली बसते, आणि पूर्वीचे दुष्काळ आजच्या दाव्याविरुद्ध साक्षीदार म्हणून हजर होतात. शिवाय तुमचे शेत साफ बुडाले, पण प्रयोगासाठी निवडलेले शेत माळावर असले, तर तुमचे नुकसान झाले नाही.

शेतकऱ्यांनी न्यायालयात दाद मागितली, आणि अखेरीस 2022 च्या मे महिन्यात खंडपीठाने निकाल दिला: 3,57,287 शेतकऱ्यांना हेक्टरी 18,000 रुपये कंपनीने 6 आठवड्यांत द्यावेत, तिने न दिल्यास राज्य शासनाने द्यावेत. शेतकऱ्यास 72 तास. आणि नुकसानीपासून निकालापर्यंत जवळजवळ 19 महिने. आणि निकालानंतर 6 आठवडे. आणि ते सरण्यापूर्वी कंपनीस दिल्लीची वाट मोकळी! तिकडे 200 कोटी रुपये जमा करण्याचा हुकूम झाला, तेव्हा कोठे पैशाला पाय फुटले. 'मुदत' हा शब्द उभयपक्षी एकच असला तरी त्याची एकके पक्षकारांच्या ऐपतीप्रमाणे बदलतात, हे कोणत्याही विमापत्रात छापलेले नसते.

एवढा सर्व बोध झाल्यानंतर शासन स्वस्थ बसले असे म्हणता येणार नाही. 2023 च्या खरिपापासून शेतकऱ्यास 1 रुपयात विमा देण्यात आला, आणि 1 रुपयाच्या मालाविषयी फार तक्रार करू नये इतका विवेक आपल्या लोकांत आहेच. पुढे 2025 च्या खरिपात तो रुपयाही इतिहासजमा होऊन हप्ता पुन्हा विमा रकमेच्या 2 टक्क्यांवर गेला, आणि त्याच वेळी स्थानिक आपत्ती व काढणीपश्चात नुकसान ही दोन्ही सदरे राज्याच्या योजनेतून वगळण्यात येऊन भरपाईचा सारा भार पीक कापणी प्रयोगावर ठेवण्यात आला. सप्टेंबर 2025 मध्ये जिल्ह्यात परंडा-भूमकडे पूर येऊन पिकांसह मातीही वाहून गेली, तेव्हा 72 तासांत पूर्वसूचना देण्याची दगदग कोणालाही करावी लागली नाही. सूचना ज्याखाली द्यावी ते कलमच शिल्लक नव्हते.