मूळचे सर

हिंगोलीच्या मोंढ्याजवळच्या टपरीवर गणिताचे निवृत्त सर बसलेले दिसले, की जाणते लोक गाडी जरा लांबच लावतात. सर गाडीचा नंबर वाचतात, मग मोबाइलचा विचारतात आणि तुमचा चहा पार निवतो. त्यांना एवढंच हवं असतं: आकडा मूळ आहे की फुटतो?

हिंगोलीचा पिनकोड 431513. सरांनी तो काटापट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर 653 पर्यंतच्या 119 मूळ संख्यांनी भागून पाहिला. एकीचाही भाग पूर्ण गेला नाही. "अस्सल मूळ आहे बघा!" शेजारच्या वसमतचा 431512, म्हणजे सरळ सम. तेव्हापासून सर वसमतच्या व्याह्यांशी जरा वरच्या पट्टीत बोलतात. परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999 ला. 1999 देखील मूळ. घात केला तो गाड्यांच्या नंबरानं. "सदतीस वाशिमला दिला आन् आपल्याला अडतीस! बे एकोणीस अडतीस!" मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा निघाली की हा मुद्दा ते पहिल्यांदा मांडतात.

लग्नात सरांचा आहेर 101 चाच. 1001 का नाही, म्हटलं तर उत्तर तयार: "सात, अकरा, तेरा. तीन ठिकाणी फुटतो. नव्या संसाराला फुटका आकडा कशाला?" 1009 मूळ आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, पण तो विषय ते काढत नाहीत.

कुणी हसलंच तर देवळालीचे द. रा. कापरेकर मदतीला येतात. तेही शाळामास्तरच, आज 6174 हा आकडा जगभर त्यांच्या नावानं ओळखला जातो. चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंकांची उतरती मांडणी करा, तीतून चढती वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत 6174 येतो. सर हे टपरीवाल्याच्या उधारीच्या वहीत करून दाखवतात. उधारी मात्र वजा होत नाही.

ओटीपी आला की सर आधी तो भागायला घेतात. मुदत संपते, मागची रांग ओरडते. 2024 मध्ये अमेरिकेतल्या एकानं चार कोटींहून जास्त अंकांची मूळ संख्या शोधल्याचं वाचून मात्र ते हळहळले: "कागद किती लागला असंल!"

दहा अंकी मोबाइल नंबर मूळ आहे का हे हातानं ठरवायचं, तर लाखाच्या आतल्या 9,592 मूळ संख्यांनी भागायची पाळी येऊ शकते. तेव्हा सरांनी विचारलंच, तर शेवटचा अंक सम सांगा. दोननं भाग जातो म्हटल्यावर ते तुम्हाला लगेच सोडतात.