आहेराची वही

आमच्या घरात लग्न कुणाचंही असो, कार्यालयाच्या दाराशी टेबल टाकून आहेराची वही घेऊन बसतात ते नानामामा. पाकीट आलं की कडेने फाडायचं, नोट उजेडात धरायची, नाव आणि आकडा लिहायचा. पाहुणा जेवला का, नवरीला ओळखतो का, याच्याशी वहीला देणंघेणं नाही. पुढे त्याच्या घरी कार्य निघालं की वही उघडायची आणि तेवढ्याच रकमेचं पाकीट भरायचं.

शास्त्रज्ञांकडेही अशीच वही असते. तुमच्या शोधनिबंधाचा उल्लेख दुसऱ्याने आपल्या निबंधाच्या शेपटाशी केला की झाला आहेर. त्याला ते सायटेशन म्हणतात. 2005 साली होर्हे हिर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने या आहेरांवर एक हिशेब बसवला, एच-इंडेक्स. म्हणजे असं, की प्रत्येक निबंध हे एक पाकीट आणि त्याचा प्रत्येक उल्लेख हा त्यातला एक रुपया धरा, आणि पाकिटं रकमेप्रमाणे लावा. किमान वीस रुपयांची वीस पाकिटं निघाली, तर इंडेक्स वीस. एकाच पाकिटात लाख आणि बाकीची रिकामी, तर इंडेक्स एक.

"म्हणजे बडेजाव करणाऱ्याला चाप," नानामामा खूश झाले.

मेंदूविज्ञानाच्या मांडवातल्या जाडजूड वह्यांपैकी एक कार्ल फ्रिस्टन यांची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले, मूळचे मनोविकारतज्ज्ञ. इंडेक्स अडीचशेच्या पुढे. 1990च्या दशकात त्यांनी एसपीएम नावाचं सॉफ्टवेअर तयार करून फुकट वाटलं. मेंदूच्या स्कॅनमधला कुठला ठिपका खरोखर उजळला, ते त्यावर काढतात. वापरलं की आहेर. हा आहेर मला रास्त वाटतो. पंगतीला बसलात ना, मग द्या पाकीट. पण पुढे त्यांनी 'फ्री एनर्जी'चं तत्त्व मांडलं. मेंदू सतत अंदाज बांधतो आणि अनपेक्षिताचा धक्का कमीत कमी बसेल असं बघतो, एवढं मला कळलंय. 2010चा त्यांचा निबंध घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंधरा तज्ज्ञ दीड तास बसले. त्यांत तीन संख्याशास्त्रज्ञ होते. निबंध काही हाती लागला नाही, असं त्यांच्यातल्याच एकाने नंतर छापून सांगितलं. त्या निबंधाला आहेर मात्र हजारोंनी. नवरदेवाचं नाव ठाऊक नसलेले पाहुणे पहिल्या पंगतीला बसतात, तसंच हे.

खोट्या नोटेचं काय? 2006 साली 'नेचर'मध्ये अल्झायमरवर एक निबंध आला. अमुक एका प्रथिनामुळे स्मृती बिघडते, असा दावा. सुमारे अडीच हजार आहेर जमले. 2022 साली त्यातल्या चित्रांवर संशय उठला, 2024 साली निबंध मागे घेतला गेला. पण वहीतला आकडा खोडणार कोण? उलट 'हा निबंध मागे घेतलाय' हे सांगायलाही त्याचाच संदर्भ द्यावा लागतो. यजमानाला शिव्या द्यायच्या तरी पाकीट घेऊनच यायचं.

2024 सालीच अमेरिकेतल्या एका संशोधकाने कमाल केली. आजीच्या लॅरी नावाच्या मांजराच्या नावावर बारा बोगस निबंध, आणि त्या बाराही निबंधांना आहेर करणारे आणखी बारा. एकूण 144 आहेर, इंडेक्स 12. नानामामांनी पाठीमागच्या कागदावर गुणाकार करून पाहिला आणि "चोख आहे" म्हणाले.

आकड्यांवरून माणसाचं मोल करू नका, असा जाहीरनामा 2012 साली सॅन फ्रान्सिस्कोत तयार झाला. हजारो संस्थांनी सह्या ठोकल्या. पत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असतं ना, तसा. दाराशी टेबल असतंच.

आणि स्पॅनिश मेंदूशास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल? त्याची वही कशी? 1888 साली बार्सिलोनात या माणसाने पदरमोड करून स्वतःचं नियतकालिक काढलं. साठ प्रती. परदेशी पंडितांना टपालाने धाडल्या, पण स्पॅनिश वाचणार कोण? मग 1889 साली स्वखर्चाने बर्लिन गाठलं आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला ओढत सूक्ष्मदर्शकाशी आणलं. मेंदू म्हणजे एकसंध जाळं नव्हे, सुट्या पेशींचा संसार आहे, हे त्याने दाखवलं. 1906 साली नोबेल मिळालं. आज 'न्यूरॉन' लिहिताना कुणी त्याचा संदर्भ देत नाही. इतकं ते सगळ्यांचं झालंय.

"मग तो आचारी," नानामामा म्हणाले. "त्याचं नाव वहीत कसं येईल?"

लेख छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवला. एकच प्रश्न आला, "माझं नाव किती वेळा?"

मोजलं. चार.

"पाच कर. तुझ्या नातवाच्या मुंजीत बघून घेऊ."

केलं, नानामामा.