अण्णांचा पत्ता

आमच्या सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं की त्यांना पाण्याच्या वेळा सांगतात आणि वर एक सूचना देतात : अण्णांना पत्ता विचारू नका.

परवा कुरिअरवाल्या पोरानं फोनवर विचारलाच. "सोप्पं आहे. नव्या पुलावरून सरळ ये," अण्णा म्हणाले. पोरगं नवा पूल शोधत मेट्रोच्या खांबांपाशी घुटमळत राहिलं. त्याचं तरी काय चुकलं? अण्णांचा नवा पूल १९२३ सालचा, म्हणजे अण्णांहून वीस वर्षांनी थोरला. लकडी पुलात लाकडाची ढलपी उरलेली नाही, तरी तो लकडीच. पाटीवर वेगळं नाव आहे म्हणावं, तर "पाट्या परगावच्यांसाठी असतात" हे उत्तर तयार.

त्यांच्या कालगणनेत सनावळ्या दोनच : पानशेतआधी आणि पानशेतनंतर. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा अण्णा अठरा वर्षांचे. पाणी कुठवर चढलं होतं ते हात उंचावून दाखवतात, आणि हात दर वर्षी बोटभर वर जातो. "असंच चाललं तर पर्वतीपण बुडवाल," काकू म्हणतात.

बरं, हे रडगाणं नव्हे. 'गेलं ते पुणं' म्हणणारे म्हातारे वेगळे. त्यांच्याजवळ मी बसत नाही. अण्णांच्या मते काहीच गेलेलं नाही, आपल्याला दिसत नाही इतकंच.

गेल्या महिन्यात दोघांना गाडीतून मंडईत नेलं. गाडी आर्यनला लावली. आर्यन म्हणजे १९१५ साली सुरू झालेलं पुण्यातलं पहिलं थिएटर. १९८३ मध्ये ते पाडलं आणि पुढे तिथं वाहनतळ झाला. त्यालाही रीतसर दुसरं नाव आहे, पण पावती फाडणारासुद्धा आर्यनच म्हणतो. लग्नानंतरचा पहिला सिनेमा दोघांनी इथंच पाहिलेला.

"थोडी मागं घे. अजून. हां, इथं," अण्णा म्हणाले.

पुढे जागा रिकामी असताना मी दोन मोटारींच्या बेचक्यात कशीबशी गाडी घातली. पिशव्या काढल्या, दार उघडून उभा राहिलो. अण्णा समोरच्या भिंतीकडे बघत बसलेले. काकूंनी पर्समधून शेंगदाण्यांची पुडी काढली.

"उतरताय ना?"

"मध्यंतर होऊ दे," अण्णा म्हणाले. "तू तोवर कोथिंबीर बघून ये."