लिंबू टाका, लिंबू!

औरंगाबाद-पैठण रस्ता, १४ किलोमीटरचा दगड, मुक्काम चितेगाव, तालुका पैठण. व्हिडिओकॉनचं नोंदणीकृत कार्यालय म्हणून हा पत्ता वर्षानुवर्षं कंपनीच्या अहवालांवर छापला जायचा. मुंबईतल्या ज्या शेअर दलालाने आयुष्यात ज्वारीचं कणीस पाहिलं नव्हतं, त्यालाही चितेगाव माहीत होतं. पुढे औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेली आणि आमच्याकडे दगड तेवढा उरला.

अशा गावात एखाद्या पोराने हॉटेलात बसून ‘मी व्हिडिओत आहे’ म्हटलं, की जुनी माणसं अजूनही विचारतात, ‘कोणत्या शिफ्टला?’

आमच्या गल्लीतलं एक पोरगं चार वर्षांपासून व्हिडिओत आहे. म्हणजे नव्या अर्थाने. सासू-सुनेचं भांडण करतो, दोन्ही पार्टी स्वतःच. सासूचा पदर म्हणजे पंचा आणि सुनेचा पदर म्हणजे तोच पंचा उलटा. जायकवाडीचे दरवाजे उघडले की हा आधी धरणावर, पाणी नंतर. पैठण रस्त्याला शहराची जुनी जलवाहिनी फुटून कारंजं उडालं, तेव्हा त्याने तिथून जे थेट प्रक्षेपण केलं ते शहरातल्या लोकांनी फार हळहळून पाहिलं म्हणतात. कित्येकांना आठवड्यानंतर पाण्याचं दर्शन झालं होतं.

तर त्याने मागच्या आठवड्यात जाहीर केलं की तो यूट्यूब सोडून ब्लॉकचेनवर चालला.

हॉटेलात शांतता पसरली. मग कोपऱ्यातून एकाने विचारलं, ‘ते चाकणच्या अलीकडं का पलीकडं?’

‘मामा, तसं नाही,’ पोरगं माझ्याकडे वळलं. पेपरात लिहितो म्हणून मला सगळं कळतं असा त्याचा समज आहे आणि मीही तो मोडलेला नाही. ‘तिथं मधला माणूसच नाही. यूट्यूबवर लाइव्ह असताना कुणी शंभर रुपये टाकले तर तीस ते ठेवून घेतात. जाहिरातीच्या शंभरातले पंचेचाळीस त्यांचे. मेहनत मपली, तोंड मपलं, पंचाबी मपलाच.’

हिशेब त्याचा बरोबर होता. याला आपल्याकडे बटई म्हणतात. फरक एवढाच की बटईत जमीनमालक निदान सुगीला बांधावर येतो, शेंगा खातो, पोराबाळांची चौकशी करतो. अमेरिकेतला मालक नुसती ईमेल पाठवतो, आणि त्यातही लिहितो की या ईमेलला उत्तर देऊ नका.

पण ‘मधला माणूस नाही’ हे वाक्य आमच्या भागात जरा जपून बोलावं लागतं. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, तेव्हाही हेच ऐकलं होतं. मधला माणूस गेला म्हणून आम्ही पेढे खाल्ले. तो कुठे गेला हे ज्याला बघायचं असेल त्याने पहाटे जाधववाडीच्या मोंढ्यात जावं. तिथेच आहे. तब्येत चांगली आहे.

या ब्लॉकचेन-वारीचा आद्य वारकरी स्वीडनचा. नाव फेलिक्स शेलबर्ग, धंद्यातलं नाव प्यूडीपाय. यूट्यूबवर कित्येक वर्षं जगात पहिला नंबर. त्याचा नंबर हिसकावला कुणी? टी-सिरीजने! दर्यागंजात वडिलांच्या फळांच्या रसाच्या दुकानावर बसणाऱ्या गुलशन कुमारांनी कॅसेटी विकत उभी केलेली कंपनी. स्वीडनच्या पठ्ठ्याने चिडून टी-सिरीजवर गाणी केली, ती दिल्ली उच्च न्यायालयाने भारतात बंद करायला लावली, आणि त्याच महिन्यात, एप्रिल २०१९ मध्ये, त्याने सांगितलं की आता मी लाइव्ह येईन ते डीलाइव्ह नावाच्या ब्लॉकचेनवाल्या मंचावर. पहिलं प्रक्षेपण रविवार, १४ एप्रिल. आमच्याकडून कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही. त्या रात्री सगळे भडकल गेटला जयंतीच्या मिरवणुकीत होते.

या डीलाइव्हचं चलन होतं लिंबू.

मी थट्टा करत नाही. खरोखर लिंबू, लेमन. एका लिंबाची किंमत सव्वा सेंटालाही किंचित कमी, म्हणजे तेव्हाच्या भावाने ऐंशी-पंच्याऐंशी पैसे. कलाकार आवडला की प्रेक्षकाने लिंबू टाकायचं. जास्त आवडला तर आईस्क्रीम. त्याची दहा लिंबं. शंभर लिंबांचा हिरा. त्याच्यावर मोटार आणि सगळ्यात वर दहा हजार लिंबांचं विमान. ऐंशी-पंच्याऐंशी रुपयांत हिरा! आमच्या सराफ्यात हे कळलं असतं तर शटरं पडली असती.

हे सगळं मी हॉटेलात वाचून दाखवलं तेव्हा तात्यांना पहिल्यांदा त्यात गोडी वाटली. तात्या म्हणजे व्हिडिओकॉनमध्ये बावीस वर्षं काढलेला माणूस. खोक्यात भरण्याआधी टीव्ही तासन्‌तास चालू ठेवून तपासायचे त्या खोलीत त्यांची ड्यूटी असे. शेकडो संच ओळीने चालू, आवाज बंद, सगळ्यांवर तेच उभे रंगीत पट्टे. तात्या म्हणतात, ‘बावीस वर्षं टीव्ही पाहिला, पण मालिका एकबी नाही.’ त्या पट्ट्यांतला एक रंग जरा फिका पडला तरी तात्यांना दारातून कळायचा. अजूनही ते समोरच्या माणसाकडे तसंच बघतात.

‘लिंबाचं खरं,’ तात्या म्हणाले, ‘पण ती लिंबं कुणी पिकवली?’

प्रश्न मार्मिक होता. डीलाइव्ह सांगायचं की आम्ही एक पैसा घेत नाही. शंभरातले ९०.१ कलाकाराचे. उरलेले ९.९ कुणाचे? तर ज्यांनी लिंबं विकत घेऊन कुलपात ठेवली त्यांचे. आपल्याकडे माल दाबून ठेवणाऱ्याच्या गोदामावर तहसीलदार धाड टाकतो. तिथे त्याला घरपोच वाटा मिळायचा. म्हणजे मोंढ्यातला मधला माणूस काढला आणि त्याच्या जागी साठेबाज बसवला, तोही मखरात.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०१९ मध्ये हा मालक नसलेला मंच बिटटॉरेंटने विकत घेतला. मालकच नाही म्हटल्यावर पैसे मोजून कुणाच्या हातात दिले, असं पोराने विचारलं. ज्याच्या गावातलं गायरान आजवर कधी विकलं गेलं नाही, त्याने असले प्रश्न विचारावेत. मे २०२० मध्ये प्यूडीपाय लाइव्हसाठी परत यूट्यूबकडे आला, रीतसर करार करून. आणि ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनच्या संसदेत दंगलखोर घुसले तेव्हा त्यातले काही जण डीलाइव्हवरच लाइव्ह होते. मग जिथे कुणी कुणाला अडवणार नाही असं ठरलं होतं, तिथेही खाती बंद करावी लागली.

यात त्या स्वीडिश गड्याला मी दोष देत नाही. जत्रेत फड आणायचा म्हणजे आधी सुपारी द्यावी लागते. फड तंबू उभारतो, गर्दी होते, गर्दीच्या आधाराने पाळणेवाला, भेळवाला, फुगेवाला दुकानं लावतात. तिसऱ्या दिवशी फड पुढच्या गावाला जातो. त्याचं काही जात नाही; सुपारी खिशात असते. फुगेवाल्याकडे फुगे उरतात.

आणि असं परदेशातच होतं असं नाही. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा गावोगावच्या पोरांनी तिकडून बाडबिस्तरा उचलला आणि देशी ॲपांवर टाकला. त्यातलं एक चिंगारी. त्याच्या जाहिरातीत खुद्द सलमान खान. पुढे त्यांनी ब्लॉकचेनवर स्वतःचं टोकन आणलं, नाव गारी. २०२२ च्या जुलैत त्याचा भाव धाडकन कोसळला. मराठवाड्यात कुणी पिकाला गारी असं नाव दिलं असतं तर बायकांनी पेरणीच्या आधीच दृष्ट काढली असती. गारपीट काय असते ते इथे सांगावं लागत नाही.

पण पोरगं पेटलेलं होतं. ‘मामा, ते सोडा. मुद्दा वहीचा आहे. ब्लॉकचेनमधी वही एकाच्या हातात नसती. जगभर हजारो मशीनवर तीच नक्कल. कुणालाच खाडाखोड करता येत नाही.’

आमचे निवृत्त गुरुजी इतका वेळ बशीत चहा गार करत होते. ते म्हणाले, ‘अरे, ज्ञानेश्वरीच्याही नकला घरोघरी होत्या. ज्याने ज्याने नक्कल केली त्याने पदरचं घातलं. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ ला, आपल्या पैठणच्या नाथांना बसून सगळ्या प्रती ताडून शुद्ध करावी लागली. आणि वर बजावावं लागलं की यापुढे यात कुणी भर घालू नका.’

‘गुरुजी,’ पोरगं हात जोडून म्हणालं, ‘नाथांकडं सर्व्हर नव्हता.’

गुरुजींनी चहा संपवला. पण तात्या काही सोडेनात.

‘वही शुद्ध आसंल रे. मी तेच म्हणतो. व्हिडिओकॉनला बँकांनी दिलं ते वहीत नव्हतं का? शिक्क्यासकट होतं. कुणी खाडाखोड केली का?’ नव्हती केली. सुमारे ६५ हजार कोटींचे दावे अगदी व्यवस्थित लिहिलेले होते. त्यावर जून २०२१ मध्ये मंजूर झालेली बोली होती २,९६२ कोटींची. आणि पुढच्या जानेवारीत अपिलात तीही रद्द झाली. बँकांच्या भाषेत याला हेअरकट म्हणतात. शंभरातले पंच्याण्णव केस गेले तर चितेगावचा कारागीर त्याला हेअरकट म्हणत नाही. चकोट म्हणतो.

‘वहीत समदं होतं,’ तात्या म्हणाले. ‘तिजोरीत नव्हतं. तुझी मशीन वही सांभाळणार का तिजोरी?’

पोरगं म्हणालं, वही.

तिथून बिडकीनचा विषय निघणं अटळ होतं. आमच्या पुढचंच गाव. औद्योगिक पट्ट्यासाठी जमिनी गेल्या, शेतकऱ्यांच्या हातात एकरकमी पैसा आला, आणि पैसा आला की त्याला भेटायला पाहुणे येतात. हे पाहुणे ‘थर्टी-थर्टी’ नावाची योजना घेऊन आले. परतावा असा की ऐकताना बँकेच्या मॅनेजरला लाज वाटावी. जानेवारी २०२२ मध्ये बिडकीन पोलिसांत गुन्हा दाखल झाला. या भागात तेव्हापासून शाळेत तिसाचा पाढा आला तरी पालक दचकतात.

आणि गंमत बघा, ३० हा आकडा या पोराच्या राशीलाच बसलाय. यूट्यूब ठेवून घेतं ते ३०. ते चुकवायला हा ब्लॉकचेनवर गेला, तर केंद्र सरकारने १ एप्रिल २०२२ पासून टोकनांच्या नफ्यावर लावलेला कर ३०. नफ्यावर कर आहे, तोटा मात्र दुसऱ्या कशात वळता करून घेता येत नाही. वर ठरावीक मर्यादेपुढच्या व्यवहारांना एक टक्का टीडीएस. सरकार या चलनाला चलन म्हणून ओळख देत नाही, पण कराच्या वेळेस बरोबर ओळखतं. जावयाला घरात बोलवायचं नाही आणि त्याच्या पगारावर मात्र डोळा, असला हा मामला.

शनिवारी पहिलं प्रक्षेपण झालं. जागा हॉटेलची, कारण तिथे रेंज चांगली आहे. मंचाचं नाव मी लिहीत नाही, फुकट जाहिरात नको. पोराने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. मागे दारावर त्या दिवशीच बदललेलं लिंबू-मिरची लटकत होतं, ते चौकटीत छान दिसत होतं. वर कोपऱ्यात डोळ्याचं चित्र आणि शेजारी आकडा : ४. एक त्याची आई, घरून, त्याच्याच जुन्या फोनवर. एक चाकणचा मित्र, रात्रपाळीवरून. एक मी, समोरच बसून. चौथा कोण ते कळेना. पोराच्या मते तो परदेशी गुंतवणूकदार असावा.

पंचा डोक्यावर घेऊन सासू सुरू झाली. तिसऱ्या मिनिटाला मोबाइल टुणकन वाजला. टोकन आलं! कुणीतरी टोकन टाकलं होतं. सगळं हॉटेल मोबाइलवर वाकलं. भट्टीवरचा पोऱ्यासुद्धा झारा घेऊन आला.

‘किती झाले?’ तात्यांनी विचारलं.

‘आत्ता सतरा पैसे आहेत. पण हे वाढतंय, तात्या!’ पोराचे डोळे भरून आले होते, ते काही खोटं नव्हतं. ‘सगळ्यांना चहा सांगा मपल्याकडून!’

चहा झाला. हॉटेलवाल्याने गल्ल्याखालून लांबडी वही काढली, कानावरची पेन्सिल घेतली आणि थुंकी लावून पान उलटलं. पोराने मोबाइल पुढे केला. ‘काका, वॉलेटवर पाठवू का?’ काकांनी वर न बघता लिहिलं : चहा १३.

पोराने वाकून वाचलं. ‘काका, तेरा नाही, बाराच होते. मोजा ना. सगळ्यांसमोर मोजा.’

काकांनी वही मिटली.

‘वही मपली हाये,’ ते म्हणाले.